शेवटचे तीन धडे

राज्य मंडळाच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात पंधरा धडे आहेत. त्यातले शेवटचे तीन इकॉलॉजीचे. तेराव्यात सजीव आणि त्यांची समष्टी, चौदाव्यात परिसंस्था आणि ऊर्जाप्रवाह, पंधराव्यात जैवविविधता, तिचे संवर्धन आणि पर्यावरणाचे प्रश्न. वर्ष सुरू होते ते वनस्पतींच्या प्रजननापासून. आनुवंशिकता, डीएनए, रक्ताभिसरण करता करता दिवाळी उलटते, जैवतंत्रज्ञान आटोपेपर्यंत सराव परीक्षा येते, आणि परिसंस्था उरते जानेवारीच्या घाईला. तीही ‘हे सोपे आहे, घरी वाचून घ्या’ एवढ्या शेऱ्यासह.

सोपे आहे, हे खरेच. व्याख्या लहान, आकृत्या बिनकटकटीच्या, उत्तर आठवले नाही तरी चार ओळी कशाबशा लिहिता येतात. अभ्यासाच्या वेळापत्रकात म्हणूनच तिला शेवटची जागा मिळते आणि डोक्यातून ती सगळ्यात आधी जाते.

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. किल्ल्याचा डोंगर, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी चारी दिशांना असलेले नाव, आजूबाजूला कापूस, बाजरी, कांदा, आणि वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. या पट्ट्यातली मुले परीक्षेत अन्नसाखळी लिहितात ती अशी: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. उत्तर बरोबर असते, गुण मिळतात. सोनगीरच्या डोंगरावर मात्र ही साखळी वर्षातले सात-आठ महिने बेडकापाशीच अडते, कारण नाला कोरडा पडला की बेडूक जमिनीत दडी मारून बसतो. मग त्या महिन्यांत साप काय खातो? उंदीर, सरडे, पाली, पक्ष्यांची अंडी. उंदीर कुठून येतात? शेतातल्या धान्यावर वाढतात. म्हणजे डोंगराची साखळी शेताच्या बांधापर्यंत येते. हा विचार करायला वर्गात पाच मिनिटे लागतात आणि त्यातून अन्नजाळे म्हणजे काय ते कायमचे कळते. प्रश्नपत्रिका हे विचारत नाही, म्हणून वर्गही विचारत नाही.

जीवशास्त्राच्या बाकीच्या धड्यांचे तसे नाही. डीएनएची दुहेरी साखळी डोळ्यांनी दिसत नाही, चेतापेशी पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. तिथे पुस्तकावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. इकॉलॉजी हा एकच भाग असा आहे की ज्याची प्रयोगशाळा सोनगीरला फुकट आणि आयती मिळालेली आहे. नेमका तोच भाग सगळ्यात जास्त पाठ केला जातो. या उलट्या कारभाराचा दोष मुलांवर ढकलता येणार नाही. मुले गुणांच्या मागे जातात, आणि गुण कशाला द्यायचे हे मंडळ ठरवते.

‘दहा टक्क्यांचा नियम’च घ्या. प्रत्येक पोषण पातळीवरून पुढच्या पातळीवर साधारण दहा टक्के ऊर्जा जाते, हे वाक्य दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला येते. त्यामागचा माणूस कोणाला ठाऊक नसतो. रेमंड लिंडमन नावाच्या तरुणाने अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग नावाच्या एका लहानशा, गाळाने भरत चाललेल्या तळ्यावर काही वर्षे काढली. गाळ उपसला, शेवाळ मोजले, किडे मोजले, आणि कोण कोणाला खाऊन किती ऊर्जा मिळवतो याचा हिशेब मांडला. त्याचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला होता. १९४२ मध्ये तो छापून आला, पण त्याच्या काही महिने आधीच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लिंडमन वारला होता. गंमत अशी की त्याच्या तळ्याचे आकडे दहा टक्के नव्हतेच. वनस्पती खाणाऱ्यांच्या पातळीवर ते १३.३ टक्के निघाले आणि त्यांना खाणाऱ्यांच्या पातळीवर २२.३ टक्के. दहा हा पुढे सोयीसाठी धरलेला ढोबळ आकडा आहे. एका किरकोळ तळ्यापाशी बसून मोजदाद करणाऱ्या पोराच्या कामातून जो नियम निघाला, तो आपण मुलांना तळ्याकडे न पाहता शिकवतो.

पदार्थांचे चक्र फिरते आणि ऊर्जा मात्र एकाच दिशेने वाहून जाते, हा चौदाव्या धड्याचा गाभा. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. सोनगीरच्या मुलाला हा फरक तांबटाच्या भट्टीपाशी कळेल. फुटका हंडा मोडीत येतो, वितळतो, ठोकला जातो आणि परात होऊन बाहेर पडतो. तोच धातू पुन्हा पुन्हा. भट्टीत जळालेला कोळसा मात्र परत येत नाही, दर खेपेला नवा आणावा लागतो. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस हे मोडीच्या वाटेने जातात, सूर्याची ऊर्जा कोळशाच्या वाटेने.

आता कापसाकडे येऊ, कारण खानदेशात इकॉलॉजीचा खरा पेपर तिथेच होतो आणि त्यात नापास झाल्याची किंमत रुपयांत मोजावी लागते.

बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दोन जनुकांचे बोलगार्ड-२ हे वाण २००६ मध्ये आले. बियाण्याच्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बियाणे असे, आणि सोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी. ती शेताच्या कडेने पेरायची होती. हेतू असा की त्या साध्या झाडांवर बीटीला बळी पडणाऱ्या अळ्याही जगाव्यात, त्यांच्या पतंगांनी प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करावा आणि प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग कमी व्हावा. बहुतेक शेतकऱ्यांनी ती पुडी पेरली नाही. अळीला खाऊ घालण्यासाठी जमीन कोण अडकवणार? दोन एकरवाल्याचा हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. पण पुडी कशासाठी आहे हे त्याला नीट समजावून सांगणारेही फार भेटले नाहीत. गुलाबी बोंडअळीने आधी गुजरातेत बीटीला दाद देणे सोडले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडे आतून पोखरली गेली. आता बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून येते.

बारावीच्या तेराव्या धड्यात समष्टीची वाढ, पर्यावरणाची वहनक्षमता, भक्ष्य-भक्षक संबंध असे सगळे काही आहे. गुलाबी बोंडअळी यातल्या प्रत्येक मुद्द्याला लागू पडते. तिचे अन्न जवळजवळ फक्त कापूस, म्हणजे शेतात कापूस नसेल तेव्हा तिची उपासमार व्हायला हवी. ती होत नाही, कारण आपण होऊ देत नाही. पाणी असलेला शेतकरी फरदड घेतो आणि कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा राहतो. उपटलेल्या पऱ्हाट्या चुलीच्या जळणासाठी बांधावर रचलेल्या असतात, त्यांना चिकटलेल्या किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत पडून राहते. तापीकाठच्या बागायती पट्ट्यात मे महिन्यातच पूर्वहंगामी कापूस लावण्याची जुनी पद्धत. म्हणजे सुप्तावस्थेतून बाहेर येणाऱ्या पतंगाला ताट वाढूनच ठेवलेले. ही साखळी तोडण्यासाठीच कृषी खाते ठरवून दिलेल्या तारखेआधी कपाशीचे बियाणे शेतकऱ्यांना विकू देत नाही. या नियमावरून दरवर्षी मे महिन्यात दुकानदार, शेतकरी आणि अधिकारी यांच्यात कुरबुर होते, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. घरात बाप त्यावर चिडलेला असतो आणि आतल्या खोलीत मुलगी ‘समष्टीच्या वाढीवर परिणाम करणारे घटक’ पाठ करत असते. दोघे एकाच विषयावर बोलत आहेत हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते.

बोंडअळीचे पतंग पकडणारा कामगंध सापळा सोनगीरच्या परिसरात नवा नाही. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, ही आर्थिक नुकसानीची पातळी शेतकऱ्याला सांगितली जाते. बारावीच्या मुलीने ऑगस्ट ते नोव्हेंबर आठवड्यातून एकदा आपल्याच शेतातल्या सापळ्यातले पतंग मोजून वहीत लिहिले, तर तिच्या हातात समष्टीच्या वाढीचा खराखुरा आलेख येतो. खर्च शून्य, आणि बापालाही उपयोग.

संकटग्रस्त प्रजातींची उदाहरणे लिहा म्हटले की मुले वाघ, गेंडा, माळढोक लिहितात. सोनगीरच्या मुलांनी रानपिंगळा लिहायला हवा, आणि त्याची गोष्ट तर वर्गात सांगण्यासाठीच घडल्यासारखी आहे. लहान घुबडाच्या या जातीचे वर्णन ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये केले. पुढे पश्चिम खानदेशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो खात्रीने कोणाला दिसला नाही. मधे एकच नोंद होती, ती रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याची. १९१४ मध्ये आपण हा पक्षी गुजरातेत मांडवीजवळ टिपला, असा त्याचा दावा होता. नमुन्यावरच्या त्याच्या चिठ्ठीवर विसंबून नंतरचे शोधक भलतीकडेच भटकत राहिले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळले की तो डेव्हिडसनच्याच जुन्या नमुन्यांपैकी एक चोरून, नव्याने भुसा भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. मग त्या आपल्या दोन सहकाऱ्यांसह जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा त्यांना दिसला. दिवसाउजेडी, झाडाच्या उघड्या फांदीवर, ११३ वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हा अजून झाला नव्हता. शहादा धुळे जिल्ह्यात होते.

या गोष्टीत पंधराव्या धड्यातले सगळे आहे: अधिवास, स्थानिक प्रजाती, नामशेष होणे म्हणजे काय आणि ते ठरवायचे कसे. एका नोंदीत जागा खोटी लिहिली तर विज्ञान किती वर्षे भरकटू शकते, हेही आहे. गावातल्या पिंगळ्यात आणि रानपिंगळ्यात फरक काय, एवढे जरी मुलांना वर्गात सांगितले तरी सातपुड्यात फिरायला गेलेली चार मुले मान वर करून पाहतील.

बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या यादीत क्वाड्रॅट पद्धत आहे. जमिनीवर ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातल्या वनस्पती मोजायच्या, असे दहा-वीस चौकोन घेऊन घनता काढायची. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी चौकोन वहीतच आखला जातो आणि आकडे आदल्या वर्षीच्या जर्नलमधून येतात. सोनगीरभोवतीच्या डोंगरउतारांवर हा प्रयोग केला तर काय सापडेल? पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते. अधूनमधून हिवर, बोर, हिंगण. रस्त्याच्या कडेला गाजरगवत आणि नाल्याच्या काठाला वेडी बाभूळ. एकाच उतारावर गुरे चरणारा भाग आणि न चरणारा भाग यांची तुलना केली तर आणखी मजा येईल. एक अट आहे: गवत फुलोऱ्यावर असतानाच ओळखता येते. म्हणजे हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरचे. जानेवारीत वाळकी काडी हातात धरून प्राध्यापकही डोके खाजवतील.

हे डोंगर मुलांना ‘ओसाड’ वाटतात, कारण मोठ्यांना तसेच वाटते. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत झुडपी माळ आणि चराऊ राने वर्षानुवर्षे ‘वेस्टलँड’ म्हणून रंगवली गेली. मग त्यांवर एक तर सौर पॅनेल बसवायची किंवा झाडे लावायची. राज्याने २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत वृक्षलागवडीचे लक्ष्य दोन कोटींवरून तेहेतीस कोटींपर्यंत वाढवले होते आणि त्यात शाळांची मुले हिरिरीने उतरली होती. झाड लावण्यावर कोण आक्षेप घेणार! पण माळरानावर दाट गिरिपुष्प लावले तर चंडोल, धाविक, तित्तर यांचे घर जाते, मेंढपाळाचे चराऊ रान जाते, हे सांगणारा एकही प्रश्न परीक्षेत नसतो. ‘पर्यावरण वाचवण्यासाठी उपाय सुचवा’ या प्रश्नाला ‘झाडे लावा’ हे उत्तर पहिल्या इयत्तेपासून बारावीपर्यंत तेच राहते. धड्यात परिसंस्थांचे प्रकार शिकवायचे आणि उत्तरात सगळीकडे जंगल उगवायचे, हा प्रकार थांबायला हवा.

झाडे कुठे लावायची नि कुठे नुसती राखायची, हे पाहायचे तर त्याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले बारीपाडा आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तोडीवर बंदी घालून, दंड बसवून चारशे हेक्टरांहून जास्त जंगल परत उभे राहू दिले. तिथे दरवर्षी रानभाज्यांची पाककला स्पर्धा होते; जंगलात काय उगवते याची ती खमंग परीक्षाच म्हणायची. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

दरम्यान वरून येणारी हवा उलट दिशेची आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका करताना बारावीच्या जीवशास्त्रातला ‘पर्यावरणाचे प्रश्न’ हा अख्खा धडाच काढला. पुढे २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातूनही तो विषय गेला. धुळ्या-जळगावच्या क्लासांत बसणारी मुले राज्य मंडळाची परीक्षा देतात, पण त्यांचे डोळे नीटवर असतात. तिथे ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. त्यामुळे राज्याच्या पुस्तकात उरलेला पंधरावा धडा हा ‘बोर्डापुरता’ ठरतो. इकॉलॉजीचे गुण सहज मिळतात म्हणून ती नीटवाल्यांना आवडते. पण तिथले प्रश्न व्याख्येचे आणि जोड्या लावण्याचे, म्हणून प्रेमही तेवढ्यापुरतेच.

यावर उपाय म्हणून आणखी एक विषय वाढवू नये. पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा हे विषय शाळा-महाविद्यालयांत आहेतच. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला, त्यातून ते आले. त्यांचे प्रकल्प बाजारात तयार मिळतात. स्टेशनरीच्या दुकानात ‘जलप्रदूषण’ मागितले की रंगीत चित्रांसकट मिळते. प्रात्यक्षिकाच्या तीस गुणांचेही तेच. ते बहुतेकांना भरभरून मिळतात, हे उघड गुपित आहे. तिथे पाच गुण वाढवून काही होणार नाही.

बदल सत्तर गुणांच्या लेखी पेपरात हवा. इंग्लंडच्या जीसीएसई परीक्षेत क्वाड्रॅटने मोजणी करणे हे जीवशास्त्राचे आवश्यक प्रात्यक्षिक आहे, पण त्याचे गुण शिक्षक देत नाही. विज्ञानाच्या लेखी परीक्षेतले किमान पंधरा टक्के गुण प्रात्यक्षिकांवरच्या प्रश्नांना असतात. चौकोन टाकायची जागा कशी निवडाल, हा आकडा वेडावाकडा का आला, असे प्रश्न. ज्याने कधी चौकोन टाकलाच नाही तो तिथे अडखळतो. आपल्याकडे ‘तुमच्या गावातील अन्नजाळे काढा’ असा प्रश्न टाकला तर पुढच्या जूनमध्ये गाइडांत ‘माझ्या गावाचे अन्नजाळे’ छापून येईल, आणि सोनगीर ते सिंधुदुर्ग सगळ्या गावांत तेच बेडूक नांदतील. त्यापेक्षा अनोळखी आकड्यांचे कोष्टक द्यावे: एका माळाच्या चरलेल्या आणि न चरलेल्या भागातली गवतांची मोजणी, किंवा सापळ्यातल्या पतंगांचे बारा आठवड्यांचे आकडे. आणि त्यावर दोन प्रश्न विचारावेत. गाइडवाल्यांना आकडे बदलत राहता येणार नाहीत, मंडळाला येतील.

मोजलेले वाया जाऊ नये, याचीही सोय कायद्यात आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे ग्रामपंचायतीतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. या नोंदवहीच्या कल्पनेमागे पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ होते, आणि पश्चिम घाटात महाविद्यालयांच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांना हाताशी धरून अशा नोंदी करवून घेण्याचे काम त्यांनी नव्वदच्या दशकात केले होते. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि न पाळणाऱ्या राज्याला दरमहा दहा लाखांचा दंड लावण्याची तंबी दिली, तेव्हा देशभर नोंदवह्या भराभर ‘पूर्ण’ झाल्या. घाईत भरलेली वही ही एका दिवसाचा फोटो असते. कोणते गवत कमी झाले, कोणता पक्षी येईनासा झाला, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच जागी दरवर्षी मोजावे लागते, आणि दरवर्षी नवी तुकडी येते अशी गावातली एकमेव संस्था म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय.

शिक्षकांना वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याने मुलांना डोंगरावर न्यावे आणि कोणाला साप चावला तर जबाबदारीही त्याच्यावरच, हे अन्यायाचे होईल. म्हणून हे काम शाळेच्या वेळेत, वेळापत्रकात लिहिलेले आणि मानधनाचे असावे, आणि समितीतला एखादा जाणता माणूस, मेंढपाळ किंवा वैदू, सोबत असावा. पवन्या आणि मारवेल यांतला फरक बहुधा तोच सांगणार आहे. मंडळाने प्रश्नपत्रिकेचा आराखडा बदलला तर क्लासवालेही आपोआप बदलतील. धुळ्यात ‘क्वाड्रॅट स्पेशल बॅच’ निघाली तर हसू येईल, पण निदान त्या बॅचला एकदा तरी शहराबाहेर जावे लागेल.